परके वाद्य, आपला सूर : पंडित गजाननराव जोशी

(श्रींच्या वार्षिक उत्सवातील संगीतसभेच्या प्रारंभी केलेले भाषण)



श्रींच्या उत्सवात गाण्यापूर्वी बोलणे हा तसा अपराधच. समया उजळल्या आहेत, तंबोरे जुळले आहेत, आणि आपले कान आता शब्दांसाठी नव्हे तर स्वरांसाठी आतुर झाले आहेत, याची मला पुरती जाणीव आहे. तरीही समितीने आज्ञा केली आणि ती मी शिरसावंद्य मानली, याचे कारण एवढेच की, एका थोर कलावंताचे ऋण या सभामंडपात उभे राहून मान्य करावे अशी इच्छा फार वर्षे मनात होती. ते कलावंत म्हणजे पंडित गजाननराव जोशी. हिंदुस्थानी संगीतात व्हायोलिन या वाद्याला स्वतंत्र आसन मिळवून देणाऱ्या पहिल्या पिढीतील ते अग्रणी.

विषयाला हात घालण्यापूर्वी याच मंडपातील एक आठवण सांगतो. मी तेव्हा दहा-बारा वर्षांचा असेन. उत्सवाला मुंबईहून एक वादक आले होते. त्यांनी पेटीतून व्हायोलिन बाहेर काढले, गजाला राळ लावली आणि तारा जुळवायला प्रारंभ केला. माझ्या शेजारी आमचे एक वृद्ध आप्त बसले होते. आम्ही सारी मुले त्यांना अण्णा म्हणत असू. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. “अरे, हे तर इगर्जीतले वाद्य. देवासमोर ते कशाला?” असे ते हळू आवाजात पण चार जणांना ऐकू जाईल असे म्हणाले. त्यांच्या म्हणण्यात द्वेष नव्हता. आपल्या प्रांतात चर्चच्या शाळांतून मुलांना पिढ्यान्‌पिढ्या स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवीत आले आहेत, आणि त्या शिक्षणातून तयार झालेल्या गोव्याच्या वादकांनी पुढे मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील वाद्यवृंद सांभाळले, हे सर्वश्रुत आहे. अण्णांच्या मनात त्या वाद्याची जागा ठरलेली होती आणि ती या मंडपात नव्हती, एवढाच त्याचा अर्थ.

वादन सुरू झाले. आलाप झाला, मग विलंबित ख्यालाची बंदिश आली. अण्णा हलले नाहीत. बैठक संपली तेव्हा ते काही बोललेही नाहीत. घरी परतताना वाटेत मात्र थांबले आणि आपल्याशीच बोलल्यासारखे म्हणाले, “शब्द ऐकू आले रे. बंदिशीचे शब्द ऐकू आले.”

श्रोतेहो, व्हायोलिनला जीभ नाही, ओठ नाहीत. मग त्यातून बंदिशीचे शब्द अण्णांना ऐकू आले ते कसे? या एका प्रश्नाचे उत्तर शोधायचे म्हटले तर गजाननरावांच्या चरित्राकडे वळावे लागते. म्हणून आज मी त्यांच्या मानसन्मानांची यादी वाचणार नाही. ते शिकले कसे, एवढेच सांगणार आहे.

गजाननरावांचा जन्म १९११ साली मुंबईत झाला. त्यांचे घर गाण्याचे होते. आजोबा मनोहरबुवा गाणारे, आणि वडील अनंत मनोहर जोशी, म्हणजे सर्वांचे अंतूबुवा, हे ग्वाल्हेर गायकीचे मान्यवर गायक. अंतूबुवा शिष्य बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे. ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात आणून रुजविण्याचे जे भगीरथकार्य बाळकृष्णबुवांनी केले, त्याची फळे आपण आजही चाखीत आहोत. विष्णु दिगंबर पलुसकर हेही त्यांचेच शिष्य. अशा परंपरेतील अंतूबुवांना औंध संस्थानात आश्रय मिळाला. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार आणि कलांचे साक्षेपी चाहते. त्या छोट्या संस्थानात विद्येला आणि कलेला जी प्रतिष्ठा होती, ती पुष्कळ मोठ्या राज्यांतही नव्हती. पुढे १९५५ साली अंतूबुवांना संगीत नाटक अकादमीचा सन्मान मिळाला.

अशा घरी जन्मलेल्या मुलाचा मार्ग आखलेला असतो. गजाननरावांना वडिलांकडून ग्वाल्हेर गायकीची तालीम मिळाली आणि ते गायक झाले. हे मी मुद्दाम सांगतो. कारण पुष्कळांचा असा समज आहे की, ते मूळचे वादक आणि पुढे गाऊ लागले. वस्तुस्थिती उलट आहे. आधी गळा, मग हात. व्हायोलिन त्यांनी बव्हंशी स्वतःच्या प्रयत्नाने साध्य केले. त्या काळी ख्यालगायकीचे व्हायोलिन शिकवील असा गुरू शोधून सापडणे दुर्घट होते. सतारीला घराणी होती, सरोदाला होती, सारंगीला तर पिढीजात विद्या होती. व्हायोलिनपाशी यांतले काहीच नव्हते.

येथे या वाद्याविषयी थोडे विवेचन करणे आवश्यक आहे. व्हायोलिन हे युरोपातले वाद्य. दक्षिण भारताने ते आपल्या फार आधी स्वीकारले. मुत्तुस्वामी दीक्षितर यांचे धाकटे बंधू बाळुस्वामी दीक्षितर यांनी मद्रासकडे युरोपीय वादकाकडून ते शिकून कर्नाटक संगीतासाठी उपयोगात आणले, आणि तंजावरच्या वडिवेलू यांनी ते त्रावणकोरच्या दरबारात रुजविले. एकोणिसाव्या शतकातच तिकडे गायनाची मुख्य साथ व्हायोलिनची झाली. उत्तरेकडे मात्र साथीला सारंगी होती, आणि तिच्यापाठोपाठ पेटी आली. सारंगी ही गळ्याच्या सर्वांत जवळची. परंतु ती वाजविणाऱ्यांना समाजाने योग्य तो मान दिला नाही, हे आपल्या सांस्कृतिक इतिहासातले एक शल्य आहे. पेटी सोयीची खरी, पण तिचे स्वर ठोकळ्यासारखे ठरलेले. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मधली वाट तिला ठाऊक नाही. आकाशवाणीने तर १९४० साली पेटीला आपली दारे बंद केली आणि ती १९७१ पर्यंत बंदच राहिली. त्या तीस वर्षांत सारंगीबरोबर व्हायोलिनलाही साथीचे काम मिळू लागले.

जाता जाता अण्णांच्या शंकेचेही थोडे निरसन करतो. जिच्यावाचून आपले भजन उभे राहात नाही, ती पेटी तरी कोठली? तीही एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये जन्मलेली. आज तिला कोणी परकी म्हणत नाही. वाद्याचा जन्म कोठे झाला हे त्याचे भाग्य ठरवीत नाही. ते कोणाच्या हाती पडले आणि त्या हातांनी त्याच्याकडून काय म्हणून घेतले, यावर ते ठरते.

आता व्हायोलिनमध्ये असे काय आहे की ते आपल्या गाण्याला जवळचे वाटावे? पहिली गोष्ट अशी की, त्याला पडदे नाहीत. सतारीवर स्वराची जागा पडदा दाखवितो. व्हायोलिनवर ती केवळ कान दाखवितो. बोट केसभर सरकले की स्वर उतरला किंवा चढला. त्यामुळे नवशिक्याला हे वाद्य फार छळते. परंतु ज्याच्या कानात स्वर पक्का आहे, त्याला मात्र ते अमर्याद स्वातंत्र्य देते. मींड, आंदोलन, कणस्वर, गमक यांपैकी जे जे गळा करतो ते ते येथे शक्य आहे.

दुसरी गोष्ट बैठकीची. युरोपीय वादक हे वाद्य हनुवटीखाली धरून उभ्याने किंवा खुर्चीवर बसून वाजवितो. आपल्याकडे वादक मांडी घालून बसतो. वाद्याचे एक टोक छातीपाशी आणि खुंट्यांकडचे टोक उजव्या पायाच्या घोट्यावर टेकलेले असते. हा केवळ आपल्या बसण्याच्या सवयीचा प्रश्न नाही. वाद्य असे दोहोंकडून टेकले म्हणजे ते सावरण्याच्या कामातून डावा हात मुक्त होतो आणि तारेवर खालपासून वरपर्यंत सुखाने सरकू शकतो. मींडेचे रहस्य या मोकळ्या हातात आहे. तारांची जुळणीही आपण बदलली. तिकडे त्या एका ठरलेल्या उंचीच्या चार स्वरांत मिळविलेल्या असतात. आपण त्या षड्ज-पंचमात मिळवितो, म्हणजे तंबोऱ्याशी त्यांचे नाते जुळते.

तिसरी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे गज. गायकाचा जसा श्वास, तसा वादकाचा गज. गज एका बाजूला ओढला की एक श्वास झाला. तो कोठे पालटावा, कोठे दाबावा, कोठे नुसता तारेवर टेकवून ठेवावा, हे ज्याला उमजले त्याचे वाद्य गाऊ लागते. बंदिशीतील एक शब्द संपून दुसरा कोठे सुरू होतो, कोणत्या अक्षरावर जोर आहे, सम कोणत्या अक्षरावर येते, हे सारे गज सांगतो. वादकाला बंदिश तोंडपाठ असेल आणि ती मनात गात गात तो वाजवीत असेल, तर शब्दांचे तोडणे-जोडणे गजात आपोआप उतरते. त्याला शब्दच ठाऊक नसतील तर गज सरळ रेघा ओढीत राहतो. स्वर बरोबर असतात, पण बोलणे नसते.

अण्णांना बंदिशीचे शब्द ऐकू आले ते असे. ती बंदिश त्यांनी अनेकदा गायकांकडून ऐकलेली होती. वादकाने ती गळ्यातून हातात आणली होती, आणि अण्णांनी ती हातातून पुन्हा कानात घेतली.

व्हायोलिनवर गायकी आणायची तर वाजविणारा आधी गवई असला पाहिजे, हा जो सिद्धांत आज आपण सहज बोलून जातो, तो महाराष्ट्रात आपल्या आचरणाने सिद्ध करून दाखविणाऱ्यांत गजाननराव अग्रभागी होते. ग्वाल्हेरची अष्टांगप्रधान गायकी, तिची स्थायी-अंतरा नेटकेपणाने मांडण्याची शिस्त, बेहेलावे, बोलआलाप आणि सपाट ताना हे सारे त्यांच्या गळ्यात होते, म्हणून ते तारेवर आले. लयतालावर त्यांची हुकमत अशी की, तबलजीशी संवाद करीत ते सहज समेवर येत. साथीला बसावे तर साथीदार म्हणून मर्यादा सांभाळावी आणि स्वतंत्र वाजवावे तर संपूर्ण ख्याल उभा करावा, ही दोन्ही कामे त्यांनी केली. गवयाच्या मागे बसणाऱ्या वाद्याला त्यांनी मंचाच्या मध्यभागी आणले.

परंतु मला त्यांच्या चरित्रातला सर्वांत मोठा भाग हा वाटत नाही. मोठा भाग पुढेच आहे.

वयाने आणि कीर्तीने प्रौढ झाल्यानंतर माणूस साधारणतः शिकणे थांबवितो. गजाननरावांना काय कमी होते? वडिलांचे नाव होते, घराण्याची तालीम होती, हाती नवे वाद्य होते आणि लोकप्रियता होती. एवढ्यावर कोणीही जन्मभर सुखाने गायिले-वाजविले असते. त्यांनी तसे केले नाही. ते रामकृष्णबुवा वझ्यांकडे शिकले. वझेबुवा आपल्या शेजारच्या सावंतवाडी संस्थानातले, अनवट रागांचे भांडार. आपल्या केरीच्या केसरबाईंनीही त्यांच्यापाशी काही काळ शिक्षण घेतले होते. मग गजाननराव जयपूर घराण्याचे भूर्जीखाँ यांच्याकडे गेले. भूर्जीखाँ हे गानमहर्षी अल्लादियाखाँ यांचे पुत्र, आणि पंडित मल्लिकार्जुन मन्सूर यांचेही गुरू. आणि पुढे आग्रा घराण्याचे विलायत हुसेनखाँ यांचे ते शिष्य झाले. विलायत हुसेनखाँ म्हणजे बंदिशींची खाण. ‘प्राणपिया’ या नावाने त्यांनी केलेल्या चिजा आजही गायिल्या जातात.

महाजन बंधूंनो, हे बोलायला सोपे आहे. घराणे ही केवळ गाण्याची पद्धत नसते. तो एक अभिमान असतो. ग्वाल्हेरची मोकळी, सरळ वाट चालणाऱ्याला जयपूरच्या पेचदार ताना गळ्यावर चढवायच्या म्हणजे आधी आपला गळा मोडावा लागतो. आग्र्याचा नोमतोमचा आलाप आणि बोलबाट शिकायची म्हणजे पुन्हा पहिल्या पायरीवर उभे राहावे लागते. तेही केव्हा, तर लोक आपल्याला बुवा म्हणू लागल्यावर. गुरूसमोर बसून “चुकले, पुन्हा म्हण” हे शब्द त्या वयात ऐकून घेणे हे कोणत्याही तानेपेक्षा अवघड आहे. ते गजाननरावांनी एकदा नव्हे, तीन वेळा केले.

आणि या तिन्ही विद्यांची त्यांनी खिचडी केली नाही, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. ज्या घराण्याची चीज, ती त्या घराण्याच्या शिस्तीने मांडायची, असा त्यांचा दंडक होता. त्यामुळे पुढे त्यांच्याकडे आलेल्या शिष्यांना एकाच गुरूच्या घरी तीन परंपरांची कुलुपे उघडून मिळाली.

आकाशवाणीच्या निरनिराळ्या केंद्रांवर त्यांनी नोकरी केली. १९७२ साली संगीत नाटक अकादमीने त्यांचा सन्मान केला तो व्हायोलिनवादक म्हणून. वडिलांना गायनासाठी आणि मुलाला वादनासाठी एकाच संस्थेचा सन्मान लाभावा, हा योग दुर्मिळ. तथापि आयुष्याच्या उत्तरार्धात गजाननरावांची ओळख हळूहळू बदलत गेली. लोक त्यांना गुरू म्हणून ओळखू लागले. शिस्त कडक, जिभेला धार, पण विद्या देताना हात आखडता नाही, अशी त्यांची ख्याती. पंडित उल्हास कशाळकर, पंडित अरुण कशाळकर, विदुषी पद्मा तळवलकर, विदुषी वीणा सहस्रबुद्धे, विदुषी शुभदा पराडकर ही नावे आपण जाणता. ही सारी गाणारी मंडळी. उल्हासरावांनी पुढे कोलकात्याच्या संगीत रिसर्च अकादमीत गुरू म्हणून अनेक शिष्य घडविले आणि २०१० साली त्यांना पद्मश्री मिळाली. गजाननरावांच्या स्वतःच्या घरात कन्या सुचेता बिडकर यांनी गायन आणि पुत्र मधुकर जोशी यांनी व्हायोलिन पुढे चालविले.

आपल्या गोव्याशी त्यांचा जो धागा आहे तो तर अभिमानाने सांगितला पाहिजे. पेडणे महालातील पार्से गावचे श्रीधर पार्सेकर हे गजाननरावांचे शिष्य. त्यांच्या व्हायोलिनच्या गोडव्याने त्या काळचे रसिक वेडे झाले होते, आणि मराठी भावगीतांच्या क्षेत्रातही संगीतकार म्हणून त्यांनी आपला ठसा उमटविला. त्यांना दीर्घायुष्य लाभले नाही ही आपणा सर्वांची हळहळ आहे. पण पेडण्याच्या एका गावातला मुलगा आणि औंधच्या परंपरेतला गुरू यांची भेट व्हायोलिनमुळे झाली, हे या वाद्याचे आपल्यावरचे उपकारच म्हटले पाहिजेत.

न्यायबुद्धीने एक गोष्ट नमूद करतो. व्हायोलिनला हिंदुस्थानी संगीतात स्थान देण्याचे कार्य एकट्या गजाननरावांनी केले असे नाही. मैहरचे बाबा अल्लाउद्दीनखाँ सरोदाबरोबर व्हायोलिनही वाजवीत. वाईला जन्मलेले पंडित वि. गो. जोग लखनौला श्रीकृष्ण रातंजनकरांच्या छत्राखाली वाढले आणि पुढे कोलकात्यास स्थायिक झाले. त्यांनी गतकारीचा आणि लयकारीचा निराळा मार्ग घेतला आणि उस्ताद बिस्मिल्लाखाँ यांच्या शहनाईबरोबर त्यांची जुगलबंदी देशभर गाजली. पंडित दा. के. दातार यांनी पलुसकरांच्या गायकीची निर्मळता व्हायोलिनवर आणली. विदुषी एन. राजम या तर दक्षिणेकडच्या व्हायोलिनवादकांच्या घरातल्या. त्यांनी पंडित ओंकारनाथ ठाकुरांपाशी शिकून काशी विश्वविद्यालयात अध्यापन केले आणि गायकी अंगाला परमोच्च प्रतिष्ठा दिली. मार्ग निरनिराळे, परंतु या सर्वांच्या साधनेत एक सूत्र समान दिसते. प्रत्येकाने वाद्याआधी विद्या धरली.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो आपल्या सर्वांच्या घरचा आहे.

गजाननरावांचे वडील अंतूबुवा यांचे आध्यात्मिक गुरू शिवानंदस्वामी. त्यांच्या स्मरणार्थ अंतूबुवांनी १९४० साली औंध येथे संगीतोत्सव सुरू केला. तेथे गायक-वादकांनी यावे आणि गुरुचरणी सेवा म्हणून गावे-वाजवावे, असा तो संकल्प. संस्थान गेले, राजाश्रय गेला, अंतूबुवाही गेले, तरी गजाननरावांनी तो उत्सव खंडित होऊ दिला नाही. १९८१ साली त्यासाठी प्रतिष्ठान स्थापन झाले. गजाननराव १९८७ च्या जूनमध्ये निवर्तले, आणि त्यांच्यानंतर त्यांच्या शिष्यपरिवाराने तो उत्सव पुढे चालविला. लहानशा गावातला एक उत्सव पिढ्यान्‌पिढ्या टिकला, त्याचे कारण पैसा नव्हे. उत्सवाच्या मागे वर्षभर चालणारी तालीम होती, हे त्याचे कारण. गुरूच्या घरी जे वर्षभर शिकले, तेच उत्सवाच्या रात्री देवापुढे बसले.

आपल्या देवळांची गोष्ट काही वेगळी नव्हती. चौघडा, शहनाई, घुमटआरती, पालखीपुढचे गाणे ही सारी आपल्या देवळांची रोजची विद्या होती. ज्या कलावंत कुटुंबांनी ती जपली, त्यांना आपण देवाच्या दारात सेवेला ठेवले पण समाजात मान दिला नाही, हे आपण विसरू नये. त्याच कुटुंबांतून केसरबाई आल्या, मोगूबाई आल्या आणि त्यांनी या भूमीचे नाव हिंदुस्थानभर नेले. ती विद्या देवळाच्या ओसरीवर रोज शिकविली जात होती, म्हणून ती उत्सवात ऐकू येत होती.

आज आपला उत्सव मोठा झाला आहे. मंडप मोठा आहे, दिव्यांची रोषणाई आहे, ध्वनिक्षेपक तर इतके मोठे की, त्यापुढे चौघडा लाजावा. मोठमोठे कलावंत आपण बोलावतो आणि ते येतातही. मला त्याचा आनंदच आहे. पण उत्सव संपल्यावर उरलेले तीनशेसाठ दिवस या ओसरीवर तंबोरा वाजतो काय, हे आपणच आपल्याला विचारावे. ज्या गावात शिकणारे नाहीत, त्या गावात ऐकणारेही हळूहळू उरत नाहीत. मग कलावंत येतात, वाजवितात, जातात, आणि आपण टाळ्या वाजवितो, पण शब्द मात्र कोणाला ऐकू येत नाहीत. अण्णांना ते ऐकू आले, कारण त्यांनी आयुष्यभर ऐकले होते. त्यांना गाता येत नव्हते. पण त्यांचा कान तयार होता. त्या तयार कानाने त्यांच्या पूर्वग्रहावर एका रात्रीत मात केली. कान तयार नसता तर इगर्जीतले वाद्य म्हणून ते उठून गेले असते, आणि त्यांच्या हातून फार मोठे काही निसटले आहे हे त्यांना कळलेही नसते.

म्हणून समितीपुढे मी नम्रपणे एक विनंती ठेवतो. उत्सवाच्या खर्चातला एक अल्प अंश बाजूला काढावा. आठवड्यातून दोन दिवस देवळाच्या ओसरीवर गावातल्या मुलांना, मग ती कोणत्याही घरातली असोत, गाणे शिकविणारा एक गुरू नेमावा. पाच मुले आली तरी पुरे. त्यांतले एखादे उद्या व्हायोलिन हाती घेईल, एखादे तबला, आणि बाकीची चांगली ऐकणारी होतील. चांगला ऐकणारा घडविणे हे चांगला गाणारा घडविण्याहून कमी पुण्याचे काम नाही. आणि त्या मुलांना शिकविताना गजाननरावांची ती गोष्ट अवश्य सांगावी की, नाव झाल्यावरही माणसाने पुन्हा शिष्य होऊन पहिल्या पायरीवर बसावे. त्यात कमीपणा काही नाही.

त्या रात्रीनंतरचे एक सांगायचे राहिले. पुढच्या वर्षी उत्सव जवळ आला तेव्हा कार्यक्रम ठरविण्यासाठी मंडळी याच ओसरीवर बसली होती. अण्णा काठी टेकीत आले, भिंतीला टेकून बसले आणि सर्वांचे बोलून झाल्यावर त्यांनी विचारले, “तो गेल्या वर्षीचा फिडलवाला यंदा येणार ना?”

आज येथे जे वादक बसले आहेत त्यांच्या गजाला राळ लागली आहे आणि तारा जुळल्या आहेत. मी त्यांच्या आणि आपल्यामध्ये अधिक उभा राहात नाही. श्रींच्या कृपेने आपला कान सदैव तयार राहो, एवढीच प्रार्थना करून आणि पंडित गजाननराव जोशी यांच्या स्मृतीस वंदन करून मी आपली रजा घेतो.